क्षमा न करणारे लोखंड

१

केळव्याला आमच्या आजोळच्या घरी, माजघराच्या दाराआड, एक लोखंडी काठी उभी असे. लहानपणी आम्हां मुलांना तिचा एकच उपयोग ठाऊक होता : पडवीच्या कौलांवर अडकलेला रबरी चेंडू खाली ओढणे. काठीच्या खालच्या टोकाला तिरकी, चपटी, पोळपाटाच्या कडेसारखी घासून गुळगुळीत झालेली एक पाती होती आणि तिच्या तळाशी इंग्रजी ५ हा आकडा कोरलेला होता. वरच्या टोकाची कातडी मूठ घामाने काळी पडली होती. ही काठी म्हणजे गोल्फचा पाच क्रमांकाचा आयर्न, हे मला कळले ते कॉलेजात गेल्यावर. आणि ती आमच्या घरी का आली, हे कळायला त्याहूनही अधिक वर्षे जावी लागली.

मामा मुंबईत एका क्लबात कॅडी होते. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे वीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या पिशव्या खांद्यावरून वाहिल्या. एका सभासदाने नवा संच घेतला तेव्हा जुन्यातील हा एक आयर्न, दांडा किंचित वाकल्यामुळे, त्यांना देऊन टाकला. मामांनी तो सरळ केला आणि पंधरवड्यातून एकदा केळवे रोडला उतरून घरी येत तेव्हा ओहोटीच्या वेळी तो घेऊन किनाऱ्यावर जाऊ लागले. सुरूच्या बनापलीकडे, पाणी मागे सरल्यावर जी ओली, घट्ट वाळू उघडी पडते, तिच्यावर ते काठीने एक लांब रेघ ओढत. त्या रेघेवर चेंडू नसतानाच ते आयर्न फिरवीत. पाती वाळूला नेमकी कुठे लागली हे वाळूच सांगे. खूण रेघेच्या पुढच्या अंगाला सुरू झाली तर फटका बरोबर. रेघेच्या अलीकडे सुरू झाली तर चूक. रेघ भरली की दुसरी रेघ. भरती आली की सारा हिशेब पुसला जाई.

प्रस्तुत लेखाचा विषय हा जुना आयर्न आणि त्याच्याबरोबर केलेला सराव हा आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांसमोर गोल्फचा विषय काढताना थोडा संकोच वाटतो. परंतु साधन जितके कठोर तितका अभ्यास खरा, हा जो विचार आपण गायनाच्या रियाजापासून छंदोबद्ध कवितेपर्यंत सर्वत्र गृहीत धरतो, त्याची एवढी स्पष्ट, मोजता येण्याजोगी परीक्षा दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात झाल्याचे मला माहीत नाही. शिवाय केळवे-माहीमच्या मातीला नोंदींचे वावडे नाही. वि. का. राजवाड्यांनी १९२४मध्ये प्रसिद्ध केलेली 'महिकावतीची बखर' जिच्या नावाने ओळखली जाते ती महिकावती म्हणजे केळव्याला खेटून असलेले हे माहीमच. १७३९च्या आरंभी चिमाजी आपांच्या फौजांनी हा पट्टा पोर्तुगीजांकडून घेतला, त्याचे अवशेष आजही किनाऱ्यावर उभे आहेत. त्या मोठ्या इतिहासाच्या कडेला एका कॅडीच्या वाळूवरील रेघा मांडल्या तर फारसे बिघडू नये.

२

आजच्या गोल्फरला आयर्न हे नेमकेपणाचे साधन वाटते. इतिहासात मात्र ते अडचणीचे साधन होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडमध्ये जो चेंडू वापरात होता तो कातड्याच्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून शिवलेला असे. तो महाग होता आणि लोखंडाचा घाव बसला की फाटे. म्हणून खेळाडू शक्यतो लाकडी डोक्याचे क्लब वापरीत आणि चेंडू गाडीच्या चाकोरीत, दगडांत किंवा वाळूच्या खड्ड्यात रुतला तरच लोखंड बाहेर काढीत. चाकोरीतून चेंडू काढण्यासाठी तर एक खास छोट्या, जाड पातीचा आयर्न असे. म्हणजे लोखंड हे मूळचे संकटमोचक.

१८४८च्या सुमारास गट्टा-पर्चाचा चेंडू आला आणि हे चित्र बदलले. मलायातील एका झाडाच्या चिकापासून बनणारा हा चेंडू स्वस्त होता, टणक होता आणि लोखंडाचा मार सोसत होता. या चेंडूच्या जन्माची एक आख्यायिका आपल्याकडच्या वाचकाला गंमतीची वाटेल. हिंदुस्थानातून सेंट अँड्र्यूजला पाठवलेली विष्णूची मूर्ती प्रवासात फुटू नये म्हणून गट्टा-पर्चात गुंडाळली होती आणि पॅटर्सन नावाच्या तरुणाने त्या वेष्टनातून पहिला चेंडू वळला, असे सांगतात. कथा खरी असो वा नसो, पुढची गोष्ट खरी आहे. नवा गुळगुळीत चेंडू हवेत नीट उडत नसे. क्लबचे घाव बसून त्याच्यावर खाचा पडल्या की तोच चेंडू सरळ आणि लांब जाई. हे ध्यानात आल्यावर कारागीर नव्या चेंडूवर मुद्दाम हातोडीने खुणा पाडू लागले. आजच्या चेंडूवरील खळगे हे त्याच खाचांचे वंशज होत.

चेंडू टणक झाल्यावर आयर्नांची संख्या वाढली. क्लीक, मॅशी, निब्लिक अशी नावे असलेले हे क्लब गावोगावचे लोहार घडवीत, आणि त्यांचे दांडे हिकरीच्या लाकडाचे असत. दोन मॅशी सारख्या नसत. खेळाडू आपला संच एकेक करून, हातात तोलून, जमवी. बॉबी जोन्सने १९३०मध्ये त्या काळच्या चारही प्रमुख स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या त्या असल्याच हिकरीच्या संचाने. पुढे त्याचा संच यंत्रावर तोलून पाहिला तेव्हा जवळजवळ सारे क्लब एकमेकांशी जुळले, एक वगळून. आणि तो एक क्लब आपल्याला कायम त्रास देत असे, ही जोन्सची जुनी तक्रार होती, असे सांगतात. हाताला जे कळले होते ते तराजूला नंतर कळले.

पोलादी दांड्याला अमेरिकेत १९२४ साली आणि ब्रिटनमध्ये १९२९ साली मान्यता मिळाली. त्यानंतर नावे गेली आणि क्रमांक आले, आणि १९३८-३९मध्ये एका पिशवीत चौदाच क्लब असावेत असा नियम झाला. मामांचा पाच क्रमांकाचा आयर्न हा या पोलादी, क्रमांकित, पण अजून हाताने घडवलेल्या पिढीतला. इंग्रजीत अशा आयर्नला ब्लेड म्हणतात. पाती पातळ, चेंडूला भिडणारा भाग लहान, आणि सारे वजन मागच्या बाजूने साधारण सारखे पसरलेले. चेंडू या पातीच्या मध्याशी, एखाद्या नाण्याएवढ्या जागेत, लागला तर हाताला फटका बसल्याचे जाणवतही नाही. लोण्यातून सुरी गेल्यासारखे वाटते. अर्ध्या इंचाने चुकला तर पाती हातात पिळवटते, चेंडू भलतीकडे आणि आखूड जातो, आणि थंडीच्या सकाळी तर झिणझिण्या पार कोपरापर्यंत जातात.

३

या लोखंडाला क्षमा करायला शिकवले ते एका इंजिनिअरने. कार्स्टन सोल्हाइम हा नॉर्वेतील बर्गेनमध्ये १९११ साली जन्मलेला, लहानपणीच अमेरिकेत आलेला माणूस. जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करता करता, चाळिशी ओलांडल्यावर, तो गोल्फ खेळू लागला आणि आपले पटिंग फार वाईट आहे असे त्याला आढळून आले. सराव वाढवण्याऐवजी त्याने क्लबलाच दोषी ठरवले. १९५९मध्ये त्याने घराच्या गॅरेजमध्ये एक पटर बनवला, ज्याचे वजन मध्यातून काढून दोन्ही टोकांना नेले होते. चेंडूला लागताच त्यातून जो नाद निघे त्यावरून त्याने त्याचे नाव 'पिंग' ठेवले. हीच कल्पना पुढे त्याने आयर्नांना लावली. पातीच्या मागचा मध्यभाग पोकळ केला आणि तिथले वजन कडेला वाटून टाकले. १९८२मध्ये बाजारात आलेले 'पिंग आय २' हे आयर्न या कल्पनेचे सर्वांत प्रसिद्ध रूप.

याचे शास्त्र आपल्या ओळखीचे आहे. डोंबाऱ्याची मुलगी दोरावरून चालते तेव्हा तिच्या हातात लांब बांबू असतो. बांबूचे वजन मध्यापासून दूर, दोन्ही टोकांना असल्यामुळे तो सहजासहजी फिरत नाही, आणि तोल क्षणभर गेला तरी सावरायला वेळ मिळतो. वजन कडेला नेलेली पातीही तशीच. चेंडू मध्यापासून दूर लागला तरी ती पिळवटत नाही. चूक होते, पण तिची शिक्षा सौम्य होते. इंग्रजी जाहिरातींनी या गुणाला दिलेल्या नावाचा मराठी अर्थ 'क्षमाशीलता' असा होतो, आणि यंत्राच्या गुणासाठी नीतिशास्त्रातला शब्द वापरल्याचे ते एक बोलके उदाहरण आहे.

याच काळात आणखी एक बदल झाला, ज्याकडे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. जुन्या सात क्रमांकाच्या आयर्नची पाती ३८ ते ४० अंशांच्या आसपास कललेली असे. आज नवशिक्यांसाठी विकल्या जाणाऱ्या अनेक सात क्रमांकांची पाती ३० अंशांच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी कललेली असते. म्हणजे जवळजवळ जुन्या पाच क्रमांकाएवढी. साहजिकच चेंडू लांब जातो. खेळाडूला वाटते आपण सात क्रमांकाने एवढे लांब मारू लागलो. प्रत्यक्षात तळाशी कोरलेला आकडा बदलला आहे. गुणपत्रिकांचे अनुभवी वाचक यावर हसतील.

४

आता मूळ प्रश्न. क्षमाशील साधने उपलब्ध असताना जुन्या, कठोर आयर्नने सराव का करावा? या प्रश्नाचे पारंपरिक उत्तर असे की, चूक लपवणारे साधन शिष्याला शिकवत नाही. आयर्न चुकीच्या जागी लागला हे हाताला त्या क्षणी, दुसऱ्या कोणी न सांगता, कळले पाहिजे. या उत्तराच्या बाजूने साक्षीदार मोठे आहेत.

बेन होगन हा टेक्ससमधील गरीब घरातला मुलगा अकराव्या वर्षी कॅडी झाला. खेळाचे रहस्य मातीत आहे, ते खणून काढावे लागते, अशा अर्थाचे त्याचे म्हणणे गोल्फच्या जगात सुभाषितासारखे झाले आहे. फेब्रुवारी १९४९मध्ये एका बसच्या धडकेत तो मरता मरता वाचला आणि सोळा महिन्यांनी, जून १९५०मध्ये, मेरियन येथे अमेरिकन ओपनच्या अखेरच्या होलवर त्याने एक क्रमांकाच्या आयर्नने चेंडू ग्रीनवर पोचवला. दुसऱ्या दिवशीच्या जादा फेरीत तो जिंकला. त्या आयर्नची कथा अधिक सांगण्याजोगी आहे. तो नंतर नाहीसा झाला आणि सुमारे तीन दशकांनी सापडला. तेव्हा त्याच्या पातीवर एकाच ठिकाणी नाण्याएवढी जागा झिजलेली होती. बाकीची पाती कोरी म्हणावी अशी. हजारो फटक्यांची ही एवढीच सही.

दुसरा साक्षीदार क्रिकेटमधला, पण चेंडू गोल्फचाच. बाउरल गावात डॉन ब्रॅडमन लहानपणी क्रिकेटच्या स्टंपने, गोल्फचा चेंडू पाण्याच्या टाकीच्या गोल विटकामावर मारून, वेड्यावाकड्या उसळून येणाऱ्या त्या चेंडूला पुन्हा स्टंपने अडवी. स्टंपची रुंदी आणि गोल्फच्या चेंडूचा वेग ज्याला पेलला त्याला बॅट म्हणजे फळी वाटली तर नवल नाही.

तिसरा साक्षीदार केळव्याच्या माणसाला सर्वांत जवळचा. सेवे बालेस्तेरोस १९५७मध्ये स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील पेद्रेन्या या गावी जन्मला. गावात मोठा गोल्फ क्लब होता. गावातली मुले तिथे कॅडी होत, खेळाडू नव्हेत. सेवेला थोरल्या भावाकडून तीन क्रमांकाच्या आयर्नची गंजकी पाती मिळाली. तिच्यात काठी ठोकून तो समुद्रकिनाऱ्यावर, चेंडू परवडत नसल्यामुळे गोटे मारीत असे, आणि अंधार पडल्यावर चोरून मैदानावर शिरत असे. तीन क्रमांकाचा आयर्न वाळूच्या खड्ड्यातून चेंडू उंच काढण्यासाठी बनलेलाच नाही. सेवेला तो त्यासाठीही वापरावा लागला, कारण दुसरा नव्हता. पुढे १९७९मध्ये त्याने ब्रिटिश ओपन जिंकली आणि एकूण पाच मोठी अजिंक्यपदे मिळवली. अशक्य जागेवरून चेंडू काढण्याची त्याची कला ज्यांनी पाहिली त्यांनी तिचे मूळ त्या किनाऱ्यात शोधले, आणि २०११मध्ये तो वारल्यावर लिहिल्या गेलेल्या मृत्युलेखांतही तो किनारा आलाच.

मानसशास्त्रानेही या परंपरेला थोडा आधार दिला आहे. रॉबर्ट ब्योर्क या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९४मध्ये 'इष्ट अडचणी' अशी एक संकल्पना मांडली. ज्या अडचणींमुळे सराव करताना प्रगती मंद दिसते, त्यांतल्या काही अडचणी दीर्घकाळ टिकणाऱ्या शिक्षणाला उपकारक ठरतात, असा तिचा आशय. मात्र 'इष्ट' हे विशेषण त्यात महत्त्वाचे आहे. शिकणाऱ्याला पेलणार नाही अशी अडचण इष्ट राहत नाही, ती केवळ अडचण असते. ज्याला अजून चेंडूच लागत नाही त्याच्या हाती ब्लेड देणे म्हणजे अक्षरओळख नसलेल्याला शार्दूलविक्रीडितात लिही म्हणून सांगण्यासारखे आहे.

मराठी काव्याच्या इतिहासातले एक उदाहरण येथे नोंदवावेसे वाटते. मुक्तछंदाचे आद्य प्रवर्तक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्या अनिलांनी, 'भग्नमूर्ती'सारखे दीर्घकाव्य मुक्तछंदात लिहून झाल्यावर, उत्तरायुष्यात दहाच ओळींची चौकट स्वतःवर घालून घेतली. 'दशपदी' या संग्रहाला १९७७मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मोकळीक हाती असताना कवी बंधन पत्करतो तेव्हा त्याची चौकट त्याच्या निवडीतून आलेली असते. मल्लखांबावर चढणारा मल्लही असाच. कुस्तीतला जोडीदार थोडा तरी झुकतो, खांब झुकत नाही, आणि म्हणूनच तो निवडलेला असतो.

पुष्कळ वर्षे मी वर्गात हा सिद्धान्त याच क्रमाने मांडत असे. होगन, ब्रॅडमन, सेवे, अनिल. आणि शेवटी, नाव न घेता, केळव्याच्या वाळूवरचे मामा. विद्यार्थ्यांना तो आवडे. मलाही आवडे.

५

या सिद्धान्तात कुठेतरी खोट आहे, हे मला पहिल्यांदा जाणवले ते पळवणकर बाळू यांची हकिकत वाचताना. रामचंद्र गुहा यांनी २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात ती विस्ताराने सांगितली आहे. चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात दरमहा चार रुपयांवर नोकरीला होते. खेळपट्टी राखणे, जाळी बांधणे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणे हे त्यांचे काम. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज रोज त्यांच्याकडून तासन् तास गोलंदाजी करून घेई. त्या अखंड गोलंदाजीतून हिंदुस्थानातला त्या काळचा श्रेष्ठ डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. परंतु त्या जाळीत त्यांच्या हाती बॅट दिली जात नसे. फलंदाजी हे साहेबांचे काम होते. पुढे हिंदू संघात आल्यावरही त्यांना चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे, आणि कर्णधारपद तर त्यांना कधीच मिळाले नाही.

बाळूंच्या गोलंदाजीचे श्रेय त्या कठोर सरावाला द्यायचे का? दिले तर मग न मिळालेल्या बॅटचा हिशेब कोणत्या खात्यात मांडायचा?

आपल्याकडच्या गोल्फचा इतिहास हाच प्रश्न पुन्हा विचारतो. कलकत्त्यात १८२९मध्ये आणि मुंबईत १८४२मध्ये गोल्फ क्लब निघाले. त्या दृष्टीने हा खेळ आपल्याकडे क्रिकेटच्या जिमखान्यांहूनही जुना. पण एतद्देशीयांना त्यात प्रवेश मिळायला फार काळ लागला. युरोपियन क्लबांत भारतीयांना घेत नसत म्हणून मुंबईत विलिंग्डन क्लब १९१७मध्ये स्थापन झाला, आणि चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७मध्ये. वर्णाचा अडसर गेला तरी वर्गाचा राहिला. मैदानावर दोन प्रकारचे भारतीय असत : एक मारणारे, एक वाहणारे. वाहणाऱ्यांकडे खेळाचे ज्ञान अनेकदा अधिक असे. कोणत्या अंतराला कोणता क्लब, ग्रीनचा उतार कुणीकडे, हे कॅडीने सांगायचे आणि फटका मालकाने मारायचा.

तरीही याच वाहणाऱ्यांतून खेळाडू निघाले. १९६४मध्ये सुरू झालेली इंडियन ओपन दुसऱ्याच वर्षी बिल्लू सेठी या हौशी खेळाडूने जिंकली. त्यानंतर भारतीय विजेता मिळायला १९९१ उजाडावे लागले, आणि तो अली शेर हा दिल्लीचा, कॅडीगिरीतून वर आलेला व्यावसायिक होता. १९९८चा विजेता फिरोज अली आणि २००९चा विजेता बंगळूरचा मुनियप्पा हेही त्याच वाटेने आले. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे ही स्पर्धा जिंकणारा चौरासिया हा कोलकात्याच्या क्लबात गवताची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा. या सर्वांच्या चरित्रात उतरलेले, उसने, एकांडे क्लब येतात आणि वर्तमानपत्रे त्यांचे कौतुक करतात.

चेंबूरच्या क्लबच्या आसपासच्या वस्त्यांत कॅडींनी आणि त्यांच्या मुलांनी तर आपला वेगळाच गोल्फ उभा केला. बांधकामाची लोखंडी सळई वाकवून केलेला क्लब, प्लास्टिकचा चेंडू, आणि मैदान म्हणजे घरांमधल्या बोळी व छपरे. तोमाश गुद्झोवाती या पोलिश छायाचित्रकाराने २०१०नंतरच्या काळात काढलेल्या छायाचित्रांमुळे हा खेळ जगाला माहीत झाला. वाकवलेल्या सळईला 'गोड जागा' नसतेच. तिच्याहून कठोर आयर्न सोल्हाइमलाही सुचला नसता. या वस्तीतला अनिल बजरंग माने पुढे व्यावसायिक गोल्फपर्यंत पोचला. छायाचित्रे सुंदर आहेत. पण ती पाहताना मला असे वाटत राहिले की, या मुलांच्या सळईचे मी वर्गात जे कौतुक करीन ते त्यांना ऐकवण्याचे धैर्य माझ्यात नाही.

सेवे जिंकला म्हणून त्याच्या गंजक्या पातीचा इतिहास लिहिला गेला. पेद्रेन्याच्या किनाऱ्यावर गोटे मारणारी इतर मुले असतील. त्यांच्या पातींचे काय झाले हे कोणी विचारत नाही. कठोर साधन माणूस घडवते हा सिद्धान्त विजेत्यांच्या चरित्रांवर उभा आहे, आणि चरित्रे विजेत्यांचीच लिहिली जातात. ज्यांना त्या साधनाने केवळ अडवले, त्यांची साक्ष नोंदवलेलीच नाही. साहित्येतिहास शिकवणाऱ्याला हा दोष परका नसावा. उपेक्षेतून प्रतिभा फुलली असे आपण ज्या दोन-चार कवींबद्दल लिहितो, त्यांच्यामागे उपेक्षेने न फुललेले किती राहिले याची मोजदाद आपण करत नाही.

६

काही वर्षांपूर्वी मी, आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर, हौस म्हणून एक जुना पण कॅव्हिटी-बॅक जातीचा संच सेकंडहँड बाजारातून घेतला. मे महिन्यात केळव्याला गेलो तेव्हा त्यातले दोन-तीन आयर्न बरोबर नेले. मनात हेतू होता, तो कबूल करतो. मामांनी हा नवा क्लब हातात घ्यावा, दोन फटके मारावे आणि 'ह्यात काय मजा रे, हा तर काहीच सांगत नाही' असे म्हणून परत द्यावा, अशी माझी अपेक्षा होती. लेखाला तो शेवट चांगला शोभला असता.

मामा तेव्हा ऐंशीच्या जवळ आले होते. सकाळच्या ओहोटीला आम्ही सुरूच्या बनातून खाली उतरलो. शितळादेवीच्या देवळाकडून रविवारची गर्दी यायला अजून अवकाश होता. मी सात क्रमांकाचा आयर्न त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो उलटा केला आणि मागची पोकळी अंगठ्याने चाचपली.

"ओळखतो मी ह्यांना," ते म्हणाले. "शेवटची पाच-सहा वर्षं ह्यांच्याच पिशव्या होत्या खांद्यावर. मारायला आज मिळतोय."

वाळूत त्यांनी सवयीने रेघ ओढली. मी चेंडू मांडले. पहिला फटका त्यांना नीट लागला नाही; पातीच्या टोकाकडे लागला, ते माझ्याही कानाला कळले. तरी चेंडू उठला आणि बराचसा सरळ, किल्ल्याच्या दिशेने गेला. मामा क्षणभर हातांकडे पाहत राहिले. झिणझिण्यांची वाट पाहत असावेत. मग त्यांनी दुसरा मारला, तिसरा मारला. वीस-बावीस चेंडू झाले. एकही शब्द बोलले नाहीत. मी चेंडू गोळा करून आणले तेव्हा ते वाळूवर बसले होते.

"मला वाटलं होतं तुम्हांला आवडणार नाही," मी म्हणालो. "जुना क्लब चूक सांगतो. हा लपवतो."

"चूक मला ठाऊक होती रे," मामा म्हणाले. "ती सांगायला दहा वर्षं कशाला लागतात? सोमवारी क्लब बंद असायचा तेव्हा आम्हांला मैदानावर सोडत. एका सोमवारी अठरा होल. एकाच लोखंडानं. त्यात जो चेंडू चुकला तो गेला, दुसरा घ्यायला पैसे नसत. म्हणून मी जपून मारायला शिकलो. लोक म्हणायचे, ह्याचा हात किती साफ आहे. हात साफ नव्हता. हात भ्यालेला होता."

यावर मला काही बोलता आले नाही. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "ह्याचा पाच नंबर आणलायस का?"

मी आणला होता.

हा प्रसंग मी सिद्धान्ताच्या खंडनार्थ सांगतो आहे असे कोणी समजू नये. ब्लेड चूक सांगतो हे खरेच आहे, आणि ज्याला चौदा क्लबांची पिशवी, सरावाला मैदान आणि चुकलेल्या चेंडूसाठी दुसरा चेंडू आहे, त्याने आठवड्यातून एक दिवस जुना आयर्न हाती धरावा. त्याचा हात सुधारेल. अनिलांची दशपदी याच अर्थाने अभ्यासाची वस्तू आहे. माझे म्हणणे इतकेच की, कठोरपणाचा गुण साधनात नसतो, तो ते साधन खाली ठेवता येण्यात असतो. ज्याला ते खाली ठेवता येत नाही त्याला तेच लोखंड, त्याच पातीने, दुसरे काही शिकवते. होगनच्या आयर्नवरची झिजलेली जागा आणि मामांच्या आयर्नवरची झिजलेली जागा सारख्याच आकाराच्या आहेत. मी दोन्हींची तुलना वर्षानुवर्षे केली आणि एक अर्थ काढला. मामांच्या जागेत भीतीचाही वाटा आहे, हे लोखंड पाहून कळण्यासारखे नव्हते. ते मामांना विचारावे लागले, आणि विचारायला मला चाळीस वर्षे लागली.

विद्यार्थ्यांना वृत्त शिकवताना, संहितेची काटेकोर चिकित्सा करवून घेताना, किंवा 'आमच्या वेळी शब्दकोशही मिळत नसे' असे अभिमानाने सांगताना हा फरक ध्यानात ठेवावा, असे आता वाटते. अडचण द्यावी, पण ती परत घेण्याची तयारीही ठेवावी.

जुना पाच क्रमांक अजून दाराआड उभा आहे. मी आणलेले आयर्न मी केळव्यालाच ठेवून आलो. ओहोटी सकाळची असली तर मामा त्यातला एखादा घेऊन खाली उतरतात, असे मामी फोनवर सांगतात. रेघ मात्र अजून ओढतात.